लोरेनचं मत कॅमॅरोला

"कोनाकडे बघू नकोस, डेनिस. ज्याच्याकडे बघशील त्यालाच जाऊन धडकशील. जिथं जायचंय तिथं बघ. गाडी डोळ्यांच्या मागनं येते बिचारी, तिला दुसरं काही कळत नाही."

चर्चमागचं पार्किंग, रविवारची दुपार, ओळीनं मांडलेले नारिंगी प्लास्टिकचे कोन, स्टिअरिंगला घोरपडीसारखी चिकटलेली सोळा वर्षांची डेनिस आणि शेजारच्या सीटवर हाताची घडी घालून बसलेला बाप. त्या चर्चला आता कुलूप आहे, पार्किंगच्या भेगांतून गवत आलंय, पण आवाज तिथल्या तिथं आहे. लोकांच्या दाढांवरचं किटण खरवडताना, दवाखान्यातल्या त्या पांढऱ्या दिव्याखालीसुद्धा, डेनिसला तो कधीमधी ऐकू येतो. जिथं जायचंय तिथं बघ.

आज मोटार-ट्रॅकच्या कडेला तंबूखाली उभी राहून ती हेल्मेटचा पट्टा सोडवत होती, तेव्हाही तो आला. आवाजाचा मालक तेव्हा दहा पावलांवर उभा राहून लाल कॅमॅरोच्या छपरावर थापट्या मारत होता.

"ही गाडी आहे? ही टपालपेटी आहे," स्टॅन कुबियाक म्हणाला. "आत पडून राहायचं आणि फटीतून जग बघायचं."

यात तो अगदीच खोटं बोलत नव्हता. कॅमॅरोच्या काचा बारीक, दरवाजे खांद्यापर्यंत येणारे; तिच्यातून बाहेरचं नीट दिसत नाही, हे तिच्यावर प्रेम करणारेही कबूल करतात. पण स्टॅननं हे सांगणं म्हणजे सासूनं सुनेच्या भाजीत मीठ जास्त आहे म्हणण्यासारखं होतं. खरं असलं तरी साक्ष म्हणून धरता येत नव्हतं. डिअरबॉर्नच्या फोर्ड कारखान्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं, त्याच्या बापाचं गेलं, आणि कॅमॅरो बनवणाऱ्या शेवरोलेचं नाव त्या घरात मुलांसमोर उच्चारत नसत.

वसंतात त्यांच्या जुन्या फोर्ड मस्टँगचं इंजिन गेलं. मग बाप-लेकीनं ठरवलं की आता ट्रॅकसाठी जी गाडी घ्यायची ती निम्मी-निम्मी. सगळा उन्हाळा मस्टँग की कॅमॅरो यातच गेला. शेवटी डेनिसच्या दवाखान्यातल्या डॉक्टर हगोपियननी आपली निळी मस्टँग एका दिवसापुरती दिली, आणि डेनिसच्या नवऱ्याच्या चुलतभावानं आपली लाल कॅमॅरो दिली. दोघांनाही विकायच्या होत्या, दोघांनीही संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवा म्हणून सांगितलं होतं.

डेनिसला या सगळ्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती गाडी नव्हती. जुन्या मस्टँगमध्ये तिच्या वाट्याला दिवसाची शेवटची फेरी यायची: तापलेले ब्रेक, झिजलेले टायर, आणि "आता जपून चालव, घरी न्यायचीय" हा आशीर्वाद. या वेळी निम्मी गाडी तिची होती. निम्मी म्हणजे नेमकी कुठली निम्मी, हे मात्र अजून कुणी बोललं नव्हतं.

सकाळच्या फेरीत बाप मस्टँगमध्ये होता आणि ती मागे कॅमॅरोत. या ट्रॅकवर शर्यत नसते. मागच्याला पुढे जायचं असेल, तर पुढचा खिडकीतून हात काढून खूण करतो की या बाजूनं जा. खूण झाल्याशिवाय कुणी कुणाला ओलांडायचं नाही. पुढच्याच्या लक्षात येत नसेल तर वळणावरचा माणूस निळा झेंडा दाखवतो. म्हणजे, बाबा रे, मागे बघ, जाऊ दे त्याला. भल्या माणसांचा खेळ आहे. स्टॅन कुबियाक तो वीस वर्षं खेळत होता आणि त्यानं खिडकीतून हात काढला तो फक्त सिगारेटची राख झटकायला. सिगारेट सुटल्यापासून तोही नाही.

डेनिस अख्खी फेरी त्याच्या मागे राहिली. निळा झेंडा दर चकरेला हलत राहिला. दुतर्फा ब्लूबेरीची शेतं तांबडी व्हायला लागली होती, ऊन मऊ होतं, आणि समोर बापाच्या गाडीचं बूड.

*

दुपारी तंबूत कर्ट सॉसेज भाजत होता. कर्ट हा फ्लिंटचा, शेवरोलेवाल्यांच्या तिसऱ्या पिढीतला, आणि डेनिसचा नवरा. या दोन गोष्टींतली कुठली क्षम्य आणि कुठली नाही, यावर सासऱ्याचा निकाल अजून राखून ठेवलेला होता. लग्न झाल्यापासून कर्टचा शेवरोले ट्रक सासुरवाडीच्या अंगणात शिरलेला नव्हता. तो रस्त्यापलीकडे, मिसेस प्रुसच्या दारात उभा राहायचा. स्टॅनच्या युनियन हॉलमध्ये तोच नियम होता, घरात वेगळा का असावा? नाताळात मिसेस प्रुस कर्टला न चुकता कार्ड पाठवत. सासऱ्याचं कधी आलं नाही.

आजही मस्टँग तंबूच्या सावलीत होती आणि कॅमॅरो उन्हात.

"मिस्टर कुबियाक," कर्ट सॉसेज परतत म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला स्टॅन म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगितलं असतं तर त्यानं म्हटलं नसतं. "सकाळी तुमच्या मागे एक लाल गाडी होती. दिसली का?"

"दिसली की. आरशात लहान दिसतात त्या. शोभतं त्यांना."

"निळा झेंडा दाखवत होते."

"काय?"

"निळा झेंडा."

"मोठ्यानं बोल, कान गेलेत माझे. झेंडा होय? दाखवू देत. माणूस दिवसभर उन्हात उभा असतो, त्याला हातांना काहीतरी चाळा हवा."

"तुमची लेक अख्खी फेरी अडकून पडली होती."

"मग शिकली असेल काहीतरी."

"डॅडचं बरोबर आहे," गॅरी म्हणाला. हा डेनिसचा धाकटा भाऊ. ट्रॅकवर गाडी त्यानं कधी चालवली नव्हती, त्यामुळे त्याची मतं ठाम होती. "फोर्डनं शेवरोलेला रस्ता द्यायचा? आजोबा थडग्यात कूस बदलतील."

"तू बोलू नकोस, गॅरी," कर्ट म्हणाला. "तू तुझी गाडी पार तिकडे ब्लूबेरीत लपवून आलायस."

"ती ऑफिसची आहे."

"ऑफिस जपानमध्ये आहे वाटतं."

"मायलेज बघ तिचं, मग बोल."

"बघितलं असतं. पानांआड दिसत नाही."

स्टॅननं इकडे लक्ष दिलं नाही. मुलगा जपानी गाडी चालवतो हे त्याला ठाऊक नव्हतं, असं गॅरी समजून होता. स्टॅनला ते ठाऊक आहे, हे बाकी सगळ्यांना ठाऊक होतं.

"डेनिस, तू सांग," कर्ट म्हणाला. "दोन्हीतली कुठली? मला खूश करायला नको, बापालाही नको."

डेनिसनं बटाट्याच्या सॅलडमध्ये काटा फिरवला. "मस्टँगचं इंजिन वर चढतं तसं गायला लागतं. ऐकत राहावंसं वाटतं. पण वळणात नाक थोडं उशिरा येतं, आधीपासून विनवावं लागतं. कॅमॅरोला विनवावं लागत नाही. म्हणाल तिथं जाते, आणि ब्रेक असे, की पुढचं माणूस देवाचं नाव घेईपर्यंत थांबलेली असते. फक्त बाहेरचं दिसत नाही. वळणाचा आतला कोपरा अंदाजानं शोधायचा."

"म्हणजे मस्टँग," स्टॅन म्हणाला.

"मी तसं म्हटलं नाही, डॅड."

"आंधळी गाडी घेऊन काय करायचंय? मला दिसायला पाहिजे, मी चालवणार."

"मी पण चालवणार."

"हो, हो. तू पण."

हा 'तू पण' डेनिसच्या ओळखीचा होता. त्याच्या पाठोपाठ तापलेले ब्रेक यायचे.

"मस्टँगला दोन मतं झाली," गॅरी म्हणाला.

"तुला मत कुणी दिलं?" कर्टनं विचारलं. "तू वर्गणी देतोयस का?"

"मी कुटुंबातला आहे."

"तसा मीही आहे. मी रस्त्यापलीकडे गाडी लावतो."

तेवढ्यात लोरेन, डेनिसची आई, बोलली. ती खुर्चीत बसून ब्रेडचे काप करत होती. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं गाड्यांविषयी मत दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. फोर्डच्या पगारावर तिचं घर उभं राहिलं, फोर्डच्या पेन्शनवर ते चाललंय, आणि फोर्डच्या सहलीत तिनं गाण्याची बक्षिसं घेतलीयत.

"माझं मत कॅमॅरोला," ती म्हणाली.

शेगडीवरचं सॉसेज तेवढं फुटून चुरचुरलं.

"लोरेन," स्टॅन म्हणाला, "तुला ऊन लागलंय."

"मी सावलीत आहे. तुझ्या मस्टँगशेजारी."

"त्या गाडीत तू कधी बसलीस?"

"बसायला कशाला पाहिजे? लाल आहे. छान आहे."

"बाहेरचं काही दिसत नाही तिच्यातून."

"हो," लोरेननं कापलेला ब्रेड ताटात नीट रचला. "सकाळपासून तेच ऐकतेय."

कर्टला आपला विजय झालाय हे कळत होतं, पण तो विजयासारखा लागत नव्हता. सासूबाईंनी शेवरोलेच्या बाजूनं बोलावं, याची त्यानं जन्मभर वाट बघितली होती. आज ते घडलं, आणि त्याला पहिली शंका आली ती अशी, की ही बाई माझ्या बाजूची नाहीच आहे.

स्टॅननं हेल्मेट उचललं. "ठीक आहे. दुपारच्या फेरीत मी चालवतो ती टपालपेटी. दोन चकरा मारून येतो, मग बोला माझ्याशी."

"गुडघा?" गॅरीनं विचारलं. घरून येताना गाडी आईनंच चालवली होती, डॅडचा गुडघा दुखतो म्हणून.

"हायवेवर दुखतो," स्टॅन म्हणाला. "इथं नाही दुखत."

*

लोरेननं घडीची खुर्ची कुंपणाला नेऊन लावली आणि मांडीवर हात ठेवून बसली.

हिवाळ्यात, शुक्रवारी संध्याकाळी पत्ते खेळताना, स्टॅन म्हणायला लागला: काय टाकलंस? मोठ्यानं सांग, कान गेलेत माझे. तिनं सांगितलं, बदामचा गुलाम. पुढच्या वेळी न विचारता सांगितलं. मग शेजारचेही पान टाकताना नाव घेऊ लागले, आणि त्या टेबलावर कुणीही कुणाला काही विचारलं नाही. मग गुडघा आला. मग वर्तमानपत्र छापणाऱ्यांना शाई परवडेनाशी झाली. मग हॉटेलातले मेन्यू फालतू झाले, "तुला ठाऊकच आहे मला काय आवडतं." कानांवर आळ घातला, गुडघ्यावर घातला, छापखान्यावर घातला, डोळे तेवढे सोवळ्यात राहिले.

ती रागावली नाही. रागवायला आधी बोलावं लागतं. तिच्या आईकडे बायका जात्यावर नसल्या तरी पिठाच्या परातीशी बसून गायच्या, आणि त्या गाण्यांत नवऱ्याविषयी कधी सरळ काही नसायचं; नदी असायची, घोडा असायचा, विझणारी मेणबत्ती असायची. लोरेनच्या हाताशी नदी नव्हती. तिच्या हाताशी कॅमॅरो आली.

सकाळी नवऱ्याला गाडीच्या छपरावर थापट्या मारताना तिनं ऐकलं आणि तिला वाटलं, हे देवानं पाठवलं. अशी गाडी, जिच्यातून तरण्यांनाही दिसत नाही. ही घरात आली, की म्हातारा दोन चकरा मारेल, शिव्या देईल, खाली उतरेल आणि सगळ्या जगाला सांगेल, हिच्यातून दिसत नाही, चालवा तुमची तुम्ही. कुणी हसणार नाही. डॉक्टर नको, चिठ्ठी नको, रडणं नको. दोष शेवरोलेचा. यापेक्षा अब्रूदार निवृत्ती फोर्डवाल्याला कोण देणार होतं?

बेत चांगला होता. त्यात एकच खोट होती. पन्नास वर्षं ज्याच्याशेजारी झोपली, तो माणूस शेवरोलेपुढे हार मानून खाली उतरेल, असं ती धरून चालली.

दोन चकरा झाल्या. तो उतरला नाही. लाल गाडी पुन्हा तिच्यासमोरून गेली, आणि तिच्या मागे लेकीची निळी. लोरेननं मांडीवरचे हात एकात एक गुंतवले.

*

मस्टँग खरोखरच गात होती. डेनिसला ते ऐकायला वेळ नव्हता.

पुढे कॅमॅरोत बाप चांगलाच चालला होता. वळणाची रेघ तीच, वर्षानुवर्षं घासून पडलेली, अंगात मुरलेली. कुणालाही वाटलं असतं, काय शिस्त आहे म्हाताऱ्याची. निळा झेंडा हलला. तो गेला. पुढच्या वळणावर निळा झेंडा हलला. तो गेला. मग झेंड्यावाला भिंतीवर जवळजवळ चढला आणि त्यानं काळा झेंडा काढून सरळ लाल गाडीकडे रोखला. काळा म्हणजे निमूट आत ये. काळ्यापुढे भलेभले मान खाली घालतात.

बाप त्याच्यासमोरून असा गेला, जसा तिथं माणूसच नाही.

हट्टी, डेनिस मनात म्हणाली. हट्टी, हट्टी. आणि मग सरळ रस्ता आला, आणि तिला मागच्या काचेतून त्याचं हेल्मेट दिसलं. ते सरळ बघत नव्हतं. डावीकडे कललं होतं, जमिनीवरचा दाणा बघताना कोंबडी मान कलती करते तसं. तो रस्त्याकडे बघत नव्हता. रस्त्याच्या कडेच्या गवताकडे बघत होता आणि गवतावरून रस्ता ओळखत होता.

बदामचा गुलाम, तिला आठवलं. पत्ते टाकताना आई मोठ्यानं बोलते. कधीपासून?

माझं मत कॅमॅरोला.

तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून एक बुटकी पांढरी गाडी ट्रॅकवर आली. नवशिकं कुणीतरी, हळूहळू, अगदी मधोमध. डेनिसनं दिवे उघडझाप केले, पुन्हा केले, हॉर्नवर हात दाबून धरला. कॅमॅरो सरळ जात राहिली. डेनिस गाडीत एकटी होती आणि तरी मोठ्यानं बोलत होती, डॅड, तिथं बघ, तिथं बघ, तिथं. आणि मग फार उशिरा, इतक्या उशिरा की सांगायला कुणी उरलं नसतं, लाल गाडीचे मागचे दिवे पेटले. टायर किंचाळले. पांढरी गाडी आपल्याच तंद्रीत पुढे निघून गेली, तिला काहीच कळलं नाही.

कॅमॅरोचे ब्रेक फार चांगले होते. हे कर्टनं पुढे कधीही बोलून दाखवलं नाही, यावरून त्या माणसाचं माप काढावं.

स्टॅन मग कुणी न सांगता आत आला. तंबूपाशी गाडी थांबवून बराच वेळ आत बसून राहिला. डेनिस त्याच्या मागोमाग येऊन उतरली. लोरेन कुंपणावरून चालत आली, खुर्ची तिथंच टाकून. ट्रॅक सांभाळणारी पॅट ओल्सेन नावाची उंच बाई काळा झेंडा काखेत मारून त्यांच्या मागोमाग आली.

"मिस्टर कुबियाक," पॅट म्हणाली, "हा झेंडा. रंग काळा. कालही काळाच होता, उद्याही राहील."

स्टॅन गाडीबाहेर आला, हेल्मेट काढलं. पांढरे केस घामानं चिकटले होते. "या डब्यातून झेंडा कुणाला दिसतो?" तो म्हणाला. "सांगत होतो ना सकाळपासून. टपालपेटी आहे ही."

आणि कर्टनं, फ्लिंटच्या कर्टनं, सॉसेजचा चिमटा खाली ठेवून सांगितलं, "खरंय ते. हिच्यातून दिसत नाही. मलाही नाही दिसत."

कर्टनं आयुष्यात पहिल्यांदा शेवरोलेविरुद्ध साक्ष दिली होती, आणि तीही सासऱ्याला वाचवायला. डेनिसनं नवऱ्याकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं तर. मागच्या दोन वाक्यांत की मागच्या दोन वर्षांत, कोण जाणे.

"मग संपलं," गॅरी म्हणाला. त्याला काहीच कळलं नव्हतं, आणि अशा वेळी घरात एक तरी तसा माणूस लागतो. "मस्टँग घ्या. तिच्यातून दिसतं. डॅडनं चालवावी आरामात अजून दहा वर्षं."

"सकाळी हे मस्टँगमध्येच होते," पॅट ओल्सेन म्हणाली. "निळा झेंडा तेव्हाही दिसला नाही."

"पॅट," लोरेन म्हणाली, "तुम्ही सॉसेज घ्या ना एक."

"नको, थँक्यू."

"घ्या हो. मोहरीही आहे."

पॅटनं त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे एकदा बघितलं. मग झेंडा गुंडाळून ती म्हणाली, "मी तिकडे आहे. तुमचं झालं की सांगा." आणि गेली. सॉसेज घेऊन गेली.

उन्हात कॅमॅरोचं इंजिन थंड होताना टकटक वाजत होतं. डेनिसच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते बोलली असती तर निम्मी नव्हे, अख्खी गाडी तिची होती, आणि बाप तिच्यासमोर उभ्या उभ्या म्हातारा झाला असता. तिनं ते गिळलं. दुसरं काढलं.

"डॅड," ती म्हणाली. "संध्याकाळी कळवायचंय. कुठल्या गाडीतून तुला बरं दिसलं, तेवढं सांग. जी म्हणशील ती घेऊ. मी काही बोलणार नाही."

"डेनिस, राहू दे," आई म्हणाली.

"नाही, त्याला सांगू दे. कॅमॅरो म्हणाला तर कॅमॅरो, मस्टँग म्हणाला तर मस्टँग."

लोरेननं एक दार उघडं ठेवलं होतं, कर्टनं दुसरं उघडून दिलं होतं, आता लेकीनंही एक उघडलं. कुठल्याही दारातून तो ताठ मानेनं बाहेर पडू शकला असता. तो हेल्मेट हातात फिरवत उभा राहिला. मग ते त्यानं कॅमॅरोच्या छपरावर ठेवलं, थापटी न मारता, हलकेच, आणि लेकीकडे तोंड केलं. थेट तिच्याकडे नाही. तिच्या कानापलीकडे कुठंतरी.

"दोन्हीतून सारखंच," तो म्हणाला.

डेनिस एक पाऊल जवळ आली.

"कडेकडेचं दिसतं. गवत दिसतं, कुंपण दिसतं, तुझ्या आईची खुर्ची दिसते तिकडे पडलेली. मधलं जातं. तुला शिकवलं होतं ना, जिथं जायचंय तिथं बघायचं. तिथंच बघतो, डेनिस, आणि नेमकं तेवढंच नाहीसं होतं." त्यानं हाताच्या पाठीनं कपाळ पुसलं. "आता तुझ्या कानाकडे बघतोय ते त्यासाठी. तुझ्याकडे बघितलं, की तू जातेस."